हुड्या शिवणारं घर

त्या कारखान्यात जमिनीवर एकही चिंधी नव्हती, हे मला घरी परतल्यावर सुचलं. तिथे उभी असताना एवढंच जाणवत होतं की काहीतरी कमी आहे. काय, ते कळत नव्हतं.

मी जबलपूरच्या एका विद्यापीठात कामगार कायदा शिकवते. दोन-तीन वर्षांपूर्वी विद्यापीठाने स्वतःच्या नावाचे कपडे काढायचं ठरवलं. टी-शर्ट, टोप्या, आणि मुख्य म्हणजे गडद निळ्या, आतून पांढऱ्या मऊ लवीच्या हुड्या. छातीवर विद्यापीठाचं भरतकाम केलेलं बोधचिन्ह. परदेशात स्थायिक झालेल्या माजी विद्यार्थ्यांनीही मोठी मागणी नोंदवली. पण त्यांच्यातल्या एका बाईंनी विचारलं की हे कपडे शिवणार कोण, आणि त्या माणसांना कसं वागवलं जातं. त्या राहतात तिकडची विद्यापीठं म्हणे हे आधी बघतात. आमच्या कुलसचिवांना या प्रश्नाचा राग आला नाही, गंमत वाटली, आणि त्यांनी तो माझ्याकडे पाठवून दिला.

मी पुरवठादारासाठी नियम लिहिले. रीतसर मजुरी, कामाचे तास, पिण्याचं पाणी, संडास, खेळती हवा, बाहेर पडायचा रस्ता मोकळा. शेवटी एक अट घातली, की विद्यापीठाचा माणूस न कळवता कधीही येऊन बघेल. पुरवठादाराने सगळं एका दमात मान्य केलं. बड़ा फुहाऱ्याच्या बाजारात त्याचं कापडाचं जुनं दुकान होतं. वयाने तो माझ्याएवढाच असेल, पण मला पहिल्या भेटीपासून दीदी म्हणायचा, आणि बोलताना हात जोडलेलेच ठेवायचा.

पहिली भेट अर्थातच कळवून झाली. गावाबाहेर, रस्त्यापासून आत, एक लांबट हॉल. मोठ्या खिडक्या, पांढऱ्या भिंती, आग विझवायची लाल नळकांडी, प्रथमोपचाराची पेटी. ओळीने शिलाई मशिनी आणि प्रत्येकीपुढे एक बाई. आम्ही आत शिरलो तशा सगळ्या एकदम उठल्या आणि एकदम बसल्या. मग मशिनी सुरू झाल्या.

मी एकेकीजवळ जाऊन हिंदीत विचारत होते. काम कसं चाललंय, त्रास काही आहे का. पहिली म्हणाली, "सब अच्छा है दीदी." दुसरीही तेच म्हणाली, त्याच सुरात, 'सब'वर तसाच किंचित जोर देऊन. तिसरीही. खिडकीजवळ शेवटी एक सावळी, चाळिशीची बाई होती. तिच्या पायाशी स्टीलचा डबा होता. मी मुद्दाम वेगळं काही विचारलं. आज डब्यात काय आणलंय?

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "सब अच्छा है दीदी."

पुरवठादार हसला. म्हणाला, लाजतात बिचाऱ्या, मोठ्या लोकांपुढे बोलायची सवय नाही. मीही हसले असेन. पण परत येताना गाडीत मला त्या बाईचं तोंड दिसत राहिलं. ते लाजलेलं नव्हतं. आपल्याकडे दुसरं वाक्यच नाही, अशा माणसाचं ते तोंड होतं.

संध्याकाळी बाबांना सांगितलं. बाबा जबलपूरजवळच्या खमरियाच्या आयुध कारखान्यातून निवृत्त झालेले. माझं लहानपण तिथल्या क्वार्टरमध्ये गेलं. ते अंगणात कूलरची जाळी धूत होते.

"आई ब्लाऊज शिवायची तेव्हा घरात काय पसारा व्हायचा, आठवते का?" त्यांनी विचारलं. "दोऱ्याचे तुकडे भातातसुद्धा निघत."

तेव्हा मला चिंध्या सुचल्या. इतक्या बायका, इतक्या मशिनी, आणि फरशी देवघरासारखी स्वच्छ.

मी मंजुरी दिली नाही. पुन्हा एकदा बघायचं आहे, असं कळवलं. कुलसचिव म्हणाले, जरूर बघा, पण उन्हाळ्याच्या सुट्टीत माल तयार व्हायला हवा, तोवर पहिली खेप येऊ द्या. ती मे महिन्यात आली. विद्यापीठाच्या भांडारात खोकी रचून ठेवली होती. मी एक उघडलं. आतून आवळ्याच्या तेलाचा वास आला, आणि डोकं दुखल्यावर चोळतात त्या बामचा. नव्या कापडाला असा वास येत नाही. बंद खोलीत बरीच माणसं झोपली की सकाळी दार उघडल्यावर यावा, तसा तो होता.

एक हुडी बाहेर काढली. शिलाई उत्तम होती. बोधचिन्हावरून बोट फिरवलं तर नखाला काहीतरी अडकलं. केस होता. वर पडलेला नव्हे, भरतकामाच्या टाक्यांखाली शिवला गेलेला. ओढला तसा येतच राहिला, लांब आणि काळा. दुसऱ्या हुडीत मिळाला तो मेंदीने लाल झालेला, तिसरीतला पांढरा. मग खूप शोधलं तरी एकही नाही. ते तीन केस मी टेबलावर ठेवले आणि बराच वेळ त्यांना हात लावायचं धाडस झालं नाही. आपण कुणाच्या तरी नकळत त्यांच्या डोक्याला हात घातलाय असं काहीसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी कोणालाही न सांगता मी त्या हॉलवर गेले.

दार उघडंच होतं. मशिनी तशाच ओळीने, पण प्रत्येकीवर पांढरी चादर. एका खाटेवर म्हातारा चौकीदार बसला होता. मी विचारलं, आज सुट्टी आहे का. तो म्हणाला, नाही. मी एक चादर उचलली. मशिनीला दोरा नव्हता, सुईही नव्हती. दुसरीलाही नव्हती. लाल नळकांडं हलवून पाहिलं तर ते खेळण्यासारखं हलकं लागलं.

"यहाँ काम कब चलता है, बाबा?"

"जब कोई देखने आता है, दीदी," तो सरळ म्हणाला. "तब चलता है."

त्यात त्याला काही लपवण्यासारखं वाटत नव्हतं. बायका कुठून येतात विचारलं तर म्हणाला, गाडीत भरून आणतात, गाडीत भरून नेतात. कुठे नेतात ते त्याला माहीत नव्हतं. मी चादर परत घातली. बाहेर भर ऊन होतं. पांढऱ्या चादरींची ती रांग मागे ठेवून चालताना मी एकदाही वळून पाहिलं नाही.

पत्ता मिळाला तो मात्र अगदी साध्या मार्गाने. पुढची खेप घेऊन टेम्पो आला तेव्हा मी ड्रायव्हरला पाणी दिलं आणि विचारलं, भैया, माल कुठून भरला? त्याने रांझी वस्तीतली एक गल्ली सांगितली, वळणावरच्या पिठाच्या गिरणीसकट. त्याला वाटलं, मला माहीतच असेल.

रांझी मला नवी नाही. लहानपणी शाळेची बस तिथूनच जायची, कारखान्याच्या पाळीला निघालेल्या सायकलींच्या गर्दीतून. पण त्या दुपारी गल्लीत चिटपाखरू नव्हतं. लू चालली होती, भट्टीसारखा तापलेला वारा. सगळ्या घरांच्या खिडक्यांवर वाळ्याच्या ताट्या, सगळी दारं आतून लावलेली. गिरणीही बंद. मी स्कूटर सावलीत लावली आणि चालत निघाले.

गल्लीच्या टोकाला एक बसकं, जुनं घर होतं. खिडक्यांना आतून खाकी कागद चिकटवलेला. दाराला कडी, कडीला मोठं कुलूप. बाहेरून. आणि त्या कुलूपबंद घरातून मशिनींचा आवाज येत होता.

तो आवाज दारातून येत नव्हता, भिंतीतून यावा तसा येत होता. मी भिंतीला हात लावला तर ती बारीक थरथरत होती. दरवर्षी मी वर्गात शिकवते, की काम चालू असताना कामाच्या जागेचं दार बाहेरून बंद असता कामा नये. मुलं ते लिहून घेतात. मी दारासमोर उभी होते आणि मला पहिला विचार आला तो असा, की आत माणसं नसतीलच. मशिनी आपोआप चालत असतील. माणसं असताना कोण असं कुलूप घालेल?

तेवढ्यात फोन वाजला. बाबा होते.

"काहून ग, जेवायला येऊन नाही राहिली?"

"बाबा, मी रांझीत आहे. उशीर होईल, तुम्ही जेवून घ्या," मी म्हणाले.

आतल्या मशिनी थांबल्या. एकामागून एक नव्हे, साऱ्या एका क्षणी, कोणी मान पिरगाळावी तशा. मी फोन बंद केला. इतकी शांतता झाली की लूचा पाचोळा गल्लीतून सरपटताना ऐकू येत होता. त्या दाराच्या मागे कितीतरी जणी श्वास रोखून बसल्या आहेत, हे मला कातडीला कळलं.

मग दाराच्या अगदी फटीशी, माझ्या कमरेच्या उंचीवर, कुणीतरी मराठीत बोललं.

"ताई, तुम्ही मराठी बोलून राहिल्या का?"

मी खाली बसले. फटीतून काही दिसत नव्हतं. म्हणाले, हो, मी इथलीच, खमरियात वाढले. ती म्हणाली, तिचं माहेर वर्ध्याकडचं, लग्न होऊन इकडे आली. घरात सगळे हिंदी बोलतात, मुलंसुद्धा. मराठी ऐकून कितीतरी दिवस झाले, म्हणून राहवलं नाही. नाहीतर बाहेर आवाज आला की गप बसायचं, असं सांगितलेलं आहे.

"चावी कोणाजवळ आहे?"

"सुपरवायजरजवळ. सकाळी लावून जातात, संध्याकाळी येऊन उघडतात."

"आणि मध्ये कोणाला काही झालं तर?"

मी मूर्खासारखं पुढे विचारलं, आग लागली तर? आतून हसण्याचा आवाज आला. एकीचा नव्हे, बऱ्याच जणींचा, दबलेला, अंधारात कुठेकुठे पसरलेला. तो लगेच विझला.

"ताई, ते नका बोलू," ती हळू म्हणाली. "इथे आम्ही ते नाव घेत नाही."

मी तिला केसांचं विचारलं. मनात असं होतं, की कुणीतरी मुद्दाम शिवले असतील, खूण म्हणून. ती म्हणाली, "केस तर गळतातच. इतक्या जवळजवळ बसतो आम्ही. कोणाचा कुठे जाते, कोणाला माहीत."

मग तिने मला जायला सांगितलं. थांबलात तर आम्हालाच बोलणी बसतील, म्हणाली. "फक्त जाताना पाय वाजवून जा. म्हणजे आम्हाले कळेल, गेल्या म्हणून."

मी उठले नाही. तिथूनच पुरवठादाराला फोन केला. म्हणाले, मी तुमच्या रांझीच्या घराबाहेर बसले आहे, चावी घेऊन या. तो आधी म्हणाला, कोणतं घर? मी फोन दाराच्या दिशेने धरला आणि आतल्या बाईला म्हटलं, काही बोला. ती बोलली नाही, पण तिने मशीन चालवली. मग तो म्हणाला, येतो दीदी. त्यानंतर मी कुलसचिवांना कळवलं.

बड़ा फुहाऱ्याहून रांझीला यायला लागतो तेवढा वेळ मी त्या पायरीवर बसून होते. आत काम पुन्हा सुरू झालं होतं. ठरलेला माल संध्याकाळपर्यंत द्यायचाच होता त्यांना. मधूनच मशिनी थांबत, आणि फटीतून प्रश्न येई.

"ताई, आहात?"

"आहे."

पुन्हा घरघर सुरू. असं कितीदा झालं ते सांगता येणार नाही. शेवटी शेवटी तो आवाज तिचा राहिला नव्हता, वेगवेगळ्या जणी विचारत होत्या, काही हिंदीत. मी सगळ्यांना 'आहे' म्हणत होते. बाहेर आहे हे खरं, पण मला वाटायला लागलं होतं की मीच कुठल्यातरी बंद जागेत बसले आहे आणि भिंतीपलीकडून माझी विचारपूस चालली आहे.

पुरवठादार आला. वाद घातला नाही. खिशातून चावी काढून त्याने कुलूप उघडलं.

दार उघडलं आणि आतली हवा तोंडावर आली. ती हवा नव्हतीच, हुड्यांच्या लवीतून सुटलेली उबदार रुई होती. दिवे पिवळे, पंखा बंद. खोलीभर दोऱ्या बांधलेल्या, त्यांवर तयार हुड्या टोपीकडून टांगलेल्या. निळी, बिनतोंडाची माणसं दाटीवाटीने उभी असावीत आणि प्रत्येकाच्या छातीवर आमचं बोधचिन्ह असावं, तसं. त्यांच्या मधून बायका उठून उभ्या राहिल्या. सगळ्या म्हाताऱ्या होत्या. केस पांढरे, भुवया पांढऱ्या, पापण्यासुद्धा. मी दारातच थांबले. तेवढ्यात पुढच्या एकीने ओढणीने तोंड पुसलं आणि रुईखालून माझ्या वर्गातल्या मुलींएवढ्या एका मुलीचा चेहरा निघाला.

पंखा लावला की रुई उडते, कामावर बसते, म्हणून तो लावत नाहीत, असं मला नंतर कळलं. मे महिन्यात, कागद लावलेल्या खोलीत, त्या थंडीचे कपडे शिवत होत्या.

माझ्याशी बोलणारी बाई दाराशीच होती. तिने तोंड पुसलं आणि विचारलं, "ओळखलं नाही? खिडकीजवळ बसवलं होतं मला. तुम्ही डब्याचं विचारलं."

मी म्हणाले, तेव्हा तुम्ही उत्तर दिलं नाही.

"काय देऊ? डबा रिकामा होता, ताई. डबे पण त्यांनीच ठेवले होते."

पुरवठादार मागे उभा राहून सांगत होता, की कुलूप त्यांच्याच सुरक्षेसाठी आहे, वस्ती चांगली नाही, बायकाच म्हणतात लावून जा. मी बायकांकडे बघितलं. मग त्यातली सगळ्यात वयस्क होती, ती आमच्या मधून वाट काढत बाहेर गेली आणि गल्लीत उन्हात उभी राहिली. तिच्यामागून एकेक करत सगळ्या गेल्या. कोणालाच कुठे जायचं नव्हतं. नुसत्या उभ्या होत्या, डोळे मिटून, लू अंगावर घेत. पांढरी रुई त्यांच्या अंगावरून उडून गल्लीत पसरत होती.

घरी गेले तेव्हा माझ्याही केसांत ती होती. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. ते कधी त्यांच्या कामाचं बोलत नाहीत. त्या दिवशी एवढंच म्हणाले, "आमच्या इथे बारूद होती. पण दार आतून ढकललं की उघडायचं."

विद्यापीठात बैठक झाली. बहुतेकांचं मत होतं की करार रद्द करावा, दुसरा पुरवठादार बघावा, आणि गाजावाजा करू नये. ऐकायला ते स्वच्छ वाटत होतं. पण त्या बायकांशी मी मधल्या काळात दोनदा बोलले होते, आणि त्यांना सगळ्यात जास्त भीती याचीच होती. आपण रद्द केलं तर त्याच घराला दुसऱ्याच्या मालासाठी कुलूप लागेल, असं मी म्हणाले. कुलसचिवांनी करार पुढ्यात ओढला. मग म्हणाले, तुम्ही म्हणाल त्या अटी लिहा, पण त्या नीट पाळायला लावायचं कामही तुमचंच.

अटी अशा ठरल्या. काम त्या खिडक्यांच्या हॉलमध्ये हलवायचं, मशिनींना सुया आणि दोरे घालून. बायकांना न्यायला-आणायला गाडी. त्यांनी निवडलेली एक जण आमच्याशी थेट बोलणार, पुरवठादार मध्ये नसताना. श्रम विभागाला सगळं कळवलं, तिथले निरीक्षक येऊन गेले. परदेशातल्या त्या बाईंनाही मी खरं ते लिहिलं. काहींनी मागणी मागे घेतली. बाकीचे थांबले, आणि त्यांना हुड्या हिवाळा सरताना मिळाल्या.

सगळं सुरळीत झालं असं नाही. काही जणींना घरून इतक्या लांब पाठवेनात, त्यांचं काम सुटलं. तोंड पुसणारी ती मुलगी त्यातलीच एक. मी तिचं घर शोधत गेले होते, पण ते रिकामं होतं आणि शेजाऱ्यांना काही सांगता आलं नाही. पुरवठादार अजून हात जोडतो, पण दीदी म्हणत नाही, मॅडम म्हणतो.

मी न कळवता जाते. आता तिथे फरशीवर चिंध्यांचा खच असतो आणि चौकीदार कुरकुरत झाडत असतो. पहिले काही महिने बायकांमध्ये एका गोष्टीवरून भांडणं व्हायची. खिडकीची जागा कोणालाच नको असायची, जरी तिथे वारा येतो. सगळ्यांना दाराजवळचीच मशीन हवी असायची. शेवटी त्यांनी आपसात पाळी लावून घेतली. वर्ध्याकडची बाई आता त्यांच्या वतीने आमच्याशी बोलते, आणि हे भांडण तिनेच मिटवलं. पाळी कोणाची हे मी आल्याआल्या विचारते.

मागच्या भेटीत दाराजवळ ती स्वतः बसली होती. म्हणाली, "आज दाराची पाळी माझी नाही ताई, जिची होती तिनंच मला इथे बसवलं. ती म्हणे, आज मी आत बसू शकते."

मग तिने सुईत दोरा ओवला आणि कामाला लागली.